उस्ताद डोंगरातून आरपार गेला त्याची हकीकत

माझ्या धाकट्या दिराला सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव त्याला गाड्या शिकवण्याच्या धंद्यात पडलं. धंदा बुडाला, नाव तेवढं तरंगत राहिलं. मी त्याला लग्न होऊन आले त्या दिवसापासून ओळखते आणि तो मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण उस्ताद ठणठणीत आहे, तेव्हा ती अट मला लागू नाही.

मी या घरात आले तेव्हा तो शाळेत एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसला होता. सासूबाई दिवसभर त्याच्या पुढे पुढे असत. तो उठायच्या आधी कपडे खुर्चीवर, निघायच्या आधी चपला दाराशी सरळ करून ठेवलेल्या, बसायच्या आधी पाण्याचा पेला भरलेला. त्यानं हात लांबवला की वस्तू हातात येई. ती कुठून येते हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही. सासूबाई गेल्यावर ते काम मला कोणी न विचारताच माझ्याकडे आलं. चपला सरळ करायचं मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. तो महिनाभर उलट्यासुलट्या घालून हिंडला, पण स्वतः वाकला नाही. मी मिशनरी बायकांच्या शाळेत शिकले. रोज रात्री डायरी लिहायची सवय तिथली, त्यामुळे माझ्या आठवणी ताज्या राहतात आणि रागही.

पुढे त्यानं दोन जुन्या गाड्या घेऊन गाडी शिकवण्याची शाळा काढली. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली दुसरा ब्रेक ठेवायचा आणि ओरडायचं. या कामासाठी त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. "समोर बघा! खाली काय बघताय? रस्ता आपोआप येतो!" हे त्याचं वाक्य अर्ध्या गावानं ऐकलंय. कोणी नकाशा बघितला की तो हिसकावून घ्यायचा. कोणी आदल्या दिवशी रस्ता बघून आला तर त्याचा अपमान करायचा. म्हणायचा, तयारी करून येतात ते भित्रे.

मीही काही दिवस त्याच्याकडे शिकायला गेले. यजमानांचा आग्रह होता, घरचा माणूस आहे म्हणून. एका चौकात गाडी बंद पडली तेव्हा तो खिडकीतून मान बाहेर काढून मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी, तो क्लच आहे, पायपुसणं नाही." मी गाडीतून उतरले आणि घरी चालत आले. मग पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेत नाव घातलं, परवाना काढला आणि यजमानांची गाडी घेऊन त्याच्या शाळेच्या दारावरून गेले. हॉर्न वाजवायची काही गरज नव्हती. तरी वाजवला.

त्याचं लग्नही झालं होतं. माझी जाऊ शांत, कामसू बाई. ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. जाताना मला म्हणाली, "ताई, या माणसाबरोबर राहायचं तर दोन्ही पाय कायम ब्रेकवर ठेवावे लागतात. माझे पाय दुखले." उस्ताद आजही सांगतो की तिला मोठ्या शहराचा सोस होता.

मग लोक मित्रांच्या गाड्यांवर शिकायला लागले आणि शाळा बंद झाली. आमचे हे तेव्हा होते. ते म्हणाले, "चार दिवस राहू दे त्याला." उस्ताद एक पिशवी आणि चार खोकी घेऊन आला. हे गेले, पण ते चार दिवस संपले नाहीत. घर माझ्या नावावर आहे. पण खालची पुढची खोली, जिला मोठी खिडकी आहे आणि जिच्या शेजारी बाथरूम आहे, ती त्याच्या ताब्यात गेली.

त्या खोक्यांत विमान होतं.

म्हणजे विमानाचं हँडल, पायाखालची दोन पॅडलं, भलामोठा पडदा आणि पंख्यासारखी घरघरणारी मशीन. कॉम्प्युटरवर विमान चालवायचं. मी त्याला एकदा खेळ म्हणाले तर दोन दिवस बोलला नाही. ते दोन दिवस बरे गेले. "सिम्युलेटर म्हणा, वहिनी. खऱ्या वैमानिकांनासुद्धा यावर शिकवतात." "खऱ्यांना शिकवत असतील," मी म्हटलं.

त्यातली एक गोष्ट त्याला फार आवडायची आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, दूधवाल्यालासुद्धा. विमानाखाली जी जमीन दिसते, डोंगर, नद्या, गावं, ती सगळी आधी मशीनमध्ये नसते. सगळ्या जगाची जमीन ठेवायला जागा कुठून आणणार? तिचे चौकोनी तुकडे करून दूर कुठेतरी ठेवलेले असतात. विमान जसं पुढे जाईल तसे पुढचे चौकोन इंटरनेटवरून आपोआप उतरतात. एकदा उतरलेला चौकोन मशीनमध्ये राहतो, दुसऱ्यांदा आणावा लागत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी सगळी वाट आधीच उतरवून ठेवायचीही सोय आहे, पण ती उस्तादाला कमीपणाची वाटे. "आपण उडायचं. जमीन येते," तो म्हणायचा आणि खुर्चीत मागे रेलायचा.

मला त्यात नवल काहीच वाटलं नाही. त्याचा जन्मच तसा गेला होता. फरक एवढाच की आता जमीन अंथरायला घरातली बाई लागत नव्हती.

अशीच विमानं उडवणाऱ्या लोकांची एक मंडळी होती. दर रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरातून एकाच आकाशात उडत. एकमेकांची विमानं प्रत्येकाला आपल्या पडद्यावर दिसत आणि बोलणं स्पीकरवर चाले. कानात घालायच्या यंत्रानं उस्तादाचा कान दुखतो, म्हणून सगळ्या मंडळींचा आवाज माझ्या घरभर फिरे. एक मास्तर होते, निवृत्त, ते सगळ्यांवर देखरेख ठेवत. एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, हसऱ्या पण फटकळ. कापडाच्या दुकानाचे मालक असलेले दोघे भाऊ होते, ते उस्तादाला फार मानत. ही मंडळी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं निघाली होती आणि सगळ्यांत पुढे उस्ताद. पुढारीपण त्यानं ओरडून मिळवलं होतं.

अशात माझी धाकटी बहीण घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. ती एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी बजावलं की जिना बंद, बाथरूम जवळ हवं आणि कोणीतरी सोबत हवं. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. माझ्या घरात खाली झोपता येईल अशी खोली एकच. दोन आठवड्यांनी, बुधवारी, तिला इस्पितळातून सोडणार होते. इस्पितळवाल्यांनी विचारलं, घरी सोय आहे का? नसली तर तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात पाठवू. धाकटीनं ते शुश्रूषागृह आमच्या काकूच्या वेळी पाहिलं होतं. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, तिथं नको. तिथं माणसं भिंतीकडे तोंड करून असतात." धाकटी कधी विनवण्या करत नाही. म्हणून ते वाक्य मला लागलं.

मी उस्तादाकडे गेले. "भावजी, ही खोली मला हवी. तुम्ही वर जा. वरची खोली चांगली हवेशीर आहे."

"वर जोडणी पोचत नाही," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"वायर ओढून घ्या."

"वायर ओढली की वेग पडतो. तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

"मला एवढंच कळतं की तिला जिना चढता येत नाही आणि तुम्हाला येतो."

"प्रवास संपू द्या. दोन टप्पे राहिलेत. मी पुढारी आहे, वहिनी. मध्येच पुढारी गायब झाला तर लोक काय म्हणतील?"

"इथले लोक काय म्हणतात ते तुम्हाला कधी ऐकू आलं नाही, तिथले मात्र बरे ऐकू येतात."

त्यानं इंजिनाचा आवाज वाढवला.

त्यावर कडी म्हणजे त्याचीच माझ्याविरुद्ध तक्रार होती. संध्याकाळी मी टॅबलेटवर धाकटीशी बोलत असे, तिचा चेहरा बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. उस्ताद त्या टॅबलेटला पाटी म्हणायचा. "तुमच्या पाटीपायी माझी जमीन अडते. समोर डोंगर यायला हवा तिथं पाणी दिसतं." जमीन उतरली नाही की ते यंत्र त्या जागी समुद्र दाखवतं, हे मला तेव्हा कळलं. एके सकाळी तो हसत हसत स्वयंपाकघरात आला. त्याचं हसू मी ओळखते, शिकाऊ पोराला रस्त्यात उतरवून गाडी पुढे नेतानाचं ते हसू.

"इंटरनेटच्या डब्यात वेग बांधून ठेवायची सोय असते," तो म्हणाला. "तुमच्या पाटीला आता गोगलगाय जुंपलीय. बोला किती बोलायचं ते."

संध्याकाळी मी भीत भीत पाटी उघडली. धाकटीचा चेहरा रोजच्यापेक्षा स्वच्छ दिसत होता. तिच्या उशीच्या अभ्र्यावरचा शिक्कासुद्धा वाचता आला. मला काही उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादानं मुद्दाम विचारलं, "काय वहिनी, अडकतं का?"

"फार अडकतं हो," मी म्हटलं. तो दिवसभर खुशीत होता. आठवडाभर तो त्याच त्याच किनाऱ्यावरच्या, आधीच उतरलेल्या जमिनीवर उडण्या-उतरण्याचा सराव करत राहिला. त्यामुळे त्याच्याही काही ध्यानात आलं नाही.

मग आला तो रविवार. डोंगररांग ओलांडायचा टप्पा. इतर मंडळींनी वाट आधीच उतरवून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही, "उस्ताद, तुम्ही उतरवून घेतलंत ना?" "मला त्याची गरज नसते," त्यानं सांगितलं. शिवाय त्यानं जाहीर केलं की डोंगरावरून उंच जायचं नाही, खिंडीतून खालून जायचं. कारण उंचावरून काय, कोणीही जातं.

मी त्या वेळी खोलीतच होते. खाट मावेल का हे बघायला टेप घेऊन भिंत मोजत होते. त्यानं एकदा डोळे वटारले, पण स्पीकर चालू असताना त्याला मला काही बोलता येईना, कारण मंडळींसमोर तो सुसंस्कृत असे.

"मंडळी, खाली बघा," तो म्हणाला. "सरोवर! काय पसरलंय!"

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठलं सरोवर?"

"तुमच्या नाकासमोर. आरशासारखं."

"नकाशात इथं सरोवर नाही, उस्ताद," मास्तर म्हणाले.

"नकाशा कशाला हवा, मास्तर? डोळे आहेत ना? समोर बघा!"

"समोरच बघतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समोर डोंगर आहे. वर घ्या."

"मागच्यानं गाडी चालवू नये, बाई. पुढे कोण आहे?"

"अहो, वर घ्या! धडकताय!"

मी पडद्याकडे पाहिलं. डोंगर नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं पाणी, वर एक ढग. उस्ताद आरामात बसला होता, एक हात हँडलवर, दुसरा मांडीवर.

"गेले!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "उस्ताद डोंगरात घुसले!"

"घुसलो कुठे? हा काय मी. मजेत आहे."

"नाक आत गेलंय तुमचं. शेपटी बाहेर दिसतेय. आता शेपटीपण गेली."

"काहीतरीच."

मागे ढगातून ते दोघे भाऊ येत होते. त्यांना डोंगर दिसत नव्हता, उस्तादाच्या शेपटीचा दिवा तेवढा दिसत होता आणि तो बघूनच ते विश्वासानं चालले होते. स्पीकरमधून आधी एक धडाम ऐकू आलं.

"दादा, मी आपटलो," धाकटा भाऊ म्हणाला.

दुसरं धडाम. "मीपण," थोरला म्हणाला.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते बघा, उस्ताद पलीकडून बाहेर आले. दोऱ्यासकट सुई निघावी तसे." आणि स्पीकरमधून जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. वाईट वाटलं म्हणून नव्हे, छान होतं म्हणून.

उस्ताद माझ्याकडे वळला. "वहिनी! पाटी चालू आहे तुमची!"

"पाटी स्वयंपाकघरात बंद करून ठेवलीय. मी इथं टेप धरून उभी आहे."

"हे बघा उस्ताद," मास्तर म्हणाले, "सरोवर म्हणजे काय ते मला कळलंय. तुमच्याकडे जमीन उतरतच नाहीये. डब्यात कुणाचा वेग बांधलाय का?"

"बांधलाय, पण तो वहिनीच्या पाटीचा."

"म्हणजे त्या आजारी बहिणीशी बोलतात ती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यानं माझी तक्रार तिथेही केली असणार.

"घरगुती विषय इथं नको, बाई."

"यादी वाचा बरं," मास्तर म्हणाले. "बांधलेल्या यंत्राचा नंबर वाचा."

त्यानं फोनवर ती यादी उघडली. त्यात यंत्रांची नावं नव्हती, नुसते आकडे आणि अक्षरं, एकाखाली एक. त्यानं एक ओळ वाचली.

"आता तुमच्या मशीनचा नंबर वाचा. त्याच्या सेटिंगमध्ये असेल."

तो शोधायला वेळ लागला. मग त्यानं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबला.

"पुढे वाचा ना," मास्तर म्हणाले. मास्तरच ते, अर्धं उत्तर घेत नसतात.

उस्तादानं वाचलं. तीच ओळ होती.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वहिनीला जुंपायची गोगलगाय तुम्ही स्वतःच्याच विमानाला जुंपलीत?"

टेप सोडला की तो सुर्रकन डबीत जातो, तेवढाच आवाज मी केला.

मंडळींनी ठरवलं की हा टप्पा पुढच्या रविवारी पुन्हा करायचा. पुढे डॉक्टरीणबाई आणि उस्ताद सगळ्यांच्या मागे. त्या संध्याकाळी मी पुन्हा त्याच्या दाराशी गेले.

"आता पुढारीपण गेलं. खोली सोडा."

"आता तर मुळीच नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "माझी अब्रू गेलीय. ती परत मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही. पुढचा रविवार होऊ द्या."

"धाकटी बुधवारी येतेय."

"मग तिला त्या शुश्रूषागृहात ठेवा चार दिवस. चार दिवसांनी काय होतंय?"

या घरात चार दिवस म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी मागे फिरले आणि खाटवाल्याला फोन केला.

बुधवारी सकाळी खाट आली. मी ती त्याच्या टेबलाच्या मागे, भिंतीला लावून घेतली. जागा बेताचीच होती, पण मी मोजलेली होती. त्याचा दिवाण जेवणाच्या खोलीत काढला. तो "हे काय चाललंय" म्हणत राहिला, पण विमान हवेत असल्यामुळे उठला नाही. दुपारी इस्पितळाची गाडी आली. स्ट्रेचर धरलेले दोघे जण दारात थांबले, कारण उस्तादाची खुर्ची वाटेत होती.

"आजोबा, जरा सरका," पुढचा म्हणाला.

"उतरू द्या मला. पाऊण तास लागेल."

"आजोबा, आमच्या हातात माणूस आहे."

"अरे बाबांनो, त्यांना त्रास देऊ नका," स्ट्रेचरवरून धाकटी म्हणाली. "त्यांना सांगा, डोंगरातून जाता येतं तसं माझ्यातून जा." मी तिला सगळं आधीच सांगितलं होतं.

खुर्ची सरकली.

धाकटीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिची सगळी नोकरी वाहनांचे परवाने देतात त्या कचेरीत, खिडकीवर गेली. उस्तादाचे विद्यार्थी तिच्यासमोरूनच परीक्षेला जात आणि तिच्यासमोरूनच रडत परत येत. "तुमच्या शाळेची पोरं आली की आम्ही चहा मागवायचो," ती पहिल्याच संध्याकाळी त्याच्या पाठीला उद्देशून म्हणाली. "परीक्षकाला लागायचा."

त्याला वाटलं असावं की ती आजारी आहे, झोपेल. पण खुबा मोडला म्हणून जीभ मोडत नाही. तो बसला की तिचं सुरू व्हायचं. "अहो, डावीकडे नदी आहे ना? दिसतेय ना? नाही, आपलं विचारलं." "हा एवढा वेळ सरळच जायचं असतं का? मग हँडल कशाला दिलंय?" "ताई, यांना सांग, खाली गाव आलं, हॉर्न वाजवा म्हणावं."

"मागच्यानं बोलू नये," तो एकदा ओरडला.

"मी मागची कुठे? मी आडवी आहे."

तो टेबल सोडेना. मी दोनदा सांगून पाहिलं, धाकटीला वॉकर घेऊन चालायला जागा लागते, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. खाट आणि टेबल यांच्या मधून वॉकर जात नव्हता. ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसायची आणि तिथंच थांबायची. पाय सुजायला लागले होते. मला त्याच्या मशीनची वायर ओढून टाकावीशी वाटायची. ओढली नाही, कारण मग भांडण माझं झालं असतं, आणि तो मंडळींना सांगत बसला असता.

रविवारी दुपारी मंडळी जमली. उस्तादानं या वेळी वाट आधीच उतरवून ठेवली होती. तीन संध्याकाळी तो भित्र्या विद्यार्थ्यासारखा नकाशा बघत बसला होता. मी हे डॉक्टरीणबाईंना कळवलं असतं, पण त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. विमानं निघाली. डॉक्टरीणबाई पुढे, मग मास्तर, मग ते दोघे भाऊ, उस्तादापासून चांगलं अंतर राखून. धाकटी खाटेवर टेकून बसली होती. मी दारात होते.

डोंगर आला. या वेळी पडद्यावर खराच आला. तपकिरी, उंच, वर बर्फ. उस्ताद ताठ बसला. दोन्ही हात हँडलवर, आणि मान पहिल्या धड्याच्या दिवशीच्या माझ्या मानेसारखी आखडलेली.

"काय हो," धाकटी म्हणाली, "हाच का तो? मला वाटलं होतं, भोक पडलं असेल."

स्पीकरमधून हसू आलं. माइक टेबलावरच होता, सगळं ऐकू जात होतं.

"कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं.

"पाटीवरची बहीण," धाकटी मोठ्यानं म्हणाली. "आता प्रत्यक्ष हजर आहे. नमस्कार."

"अरे वा! कशी आहे तब्येत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बरी आहे. चालायला सांगितलंय, पण मध्ये विमानतळ आहे. टेबल हललं की चालीन."

"उस्ताद, अजून तुम्ही त्याच खोलीत आहात?" थोरल्या दुकानदार भावानं विचारलं. हा त्याला मानणारा माणूस.

"वर या, वर या," डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या, "सगळ्यांनी उंची वाढवा."

उस्तादानं इतकी वाढवली की तो सगळ्यांच्या वर, कुठल्या कुठे गेला. डोंगर खाली मुठीएवढा झाला.

"जपून हो," धाकटी म्हणाली, "चंद्र लागेल."

मंडळी इतकी हसली की मास्तरांना "उतरायच्या सूचना ऐका" हे दोनदा सांगावं लागलं. आणि मग थोरला भाऊ म्हणाला, "बाईंना दर रविवारी बसवा ना, उस्ताद. मजा येते."

त्याबरोबर उस्तादानं स्पीकरची वायर उपटली. विमान हवेतच होतं. तो उठला, मशीनचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. आम्ही दोघी बघत राहिलो. त्यानं पडदा छातीशी धरला आणि जिन्याकडे गेला.

मी दार धरून उभी राहिले, नाहीतर त्यानं चौकट खरवडली असती. त्यानंतर मशीन गेली, मग पॅडलं, मग हँडल. टेबल त्याला एकट्याला पेलेना. दोन पायऱ्या चढून तो थांबला आणि खाली माझ्याकडे बघू लागला. पूर्वी सासूबाईंकडे बघायचा तसाच. मी तिथून हलले नाही. त्यानं टेबल टेकवलं, त्याचे पाय एकेक करून स्क्रूमधून काढले आणि वेगवेगळे वर नेले. त्यानंतर वायरचं भेंडोळं आणलं आणि तासाभरात डब्यापासून जिन्याच्या कठड्यानं वरपर्यंत ओढून टाकलं. इतके दिवस वर जी जोडणी पोचत नव्हती, ती पोचली.

"वेग पडत नाही ना, भावजी?" मी खालून विचारलं.

वरून दार आपटलं.

संध्याकाळी मी खोली झाडली. टेबलाच्या जागी फरशीवर चार गोल डाग होते आणि खुर्चीच्या चाकांनी फरशी घासली गेली होती. ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं तरी निघाले नाहीत. मग वॉकर आणून खाटेसमोर ठेवला. धाकटीनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला, ओठ आवळले आणि उभी राहिली. मी तिच्या पाठीशी हात धरून होते. तिनं वॉकर पुढे सरकवला, पाय टाकला, पुन्हा सरकवला. रिकाम्या जागेतून खिडकीपर्यंत गेली.

वर इंजिनाचा आवाज सुरू झाला. छत घरघरायला लागलं.

"जेवायला हाक मारायची का त्यांना?" तिनं खिडकीच्या कठड्यावर हात टेकत, धापा टाकत विचारलं.

"येतील भूक लागल्यावर. जिना त्यांना चढता-उतरता येतो."

"आणि नाही आले तर?"

"तर एक ताट कमी घासावं लागेल."

धाकटी हसली, वॉकर वळवला आणि परत खाटेकडे निघाली.